रविवारच्या चर्चेची आठवण - एलिझाबेथ लॉफ्टस
मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ६ ला भेटतोय, लिंक पाच मिनिटं आधी टाकते, प्लीज वेळेवर या, मागच्या वेळी अर्धा तास "आवाज येतोय का" मध्येच गेला.

यावेळी चर्चा अमेरिकन सायकॉलॉजिस्ट प्रोफेसर लॉफ्टस यांच्या कामावर. जन्म १९४४, शिक्षण आधी गणित आणि सायकॉलॉजी, मग १९७० ला स्टॅनफर्डमधून पीएचडी, बरीच वर्षं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकवलं, २००२ पासून कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला. विषय एकच, आठवण किती भरवशाची.

१९७४ चा प्रयोग तर सगळ्यांनी वाचूनच या. अ‍ॅक्सिडेंटची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या "धडकल्या" तेव्हा स्पीड किती होता, काहींना "धाडकन आदळल्या" तेव्हा किती, बस एवढाच शब्दाचा फरक. आठवड्याने विचारलं फुटलेली काच दिसली का, तर "आदळल्या"वाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले आणि "धडकल्या"वाल्या ५० पैकी ७, आणि फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती!!

त्यांच्या घरची गोष्ट जास्त चटका लावते. १४ वर्षांच्या असताना आई बुडून गेली, पुढे कितीतरी वर्षांनी एका नातेवाइकाने सांगितलं की बुडालेल्या आईला पहिल्यांदा तूच पाहिलंस, आणि यांना हळूहळू सगळं "आठवायला" लागलं, मग कळलं की त्याचीच चूक झाली होती. खोट्या आठवणींवर काम करणाऱ्या बाईंच्याच बाबतीत हे, बघा.

कोर्टात आठवणींच्या तज्ज्ञ म्हणून आरोपींच्या बाजूने साक्ष देतात म्हणून त्यांच्यावर टीकाही खूप झालीये, त्यावर वाद घालायचाय, पण आवाज न चढवता. येणार असाल तर शनिवारपर्यंत नाव कळवा.