थीम कुत्र्याची, मग मुधोळ का नको?

मा. संपादक, नमस्कार.

नातवाला पाचव्या वाढदिवसाला कुत्र्याची थीम पाहिजे म्हणून खडेबाजार पालथा घातला, तर फुगे, टोप्या सगळीकडे पग नाहीतर लॅब्राडोर, अहो मुधोळ ही कुत्र्याची जात आपल्या शेजारच्या बागलकोटातलीच की, पोस्टानं २००५ साली त्या कुत्र्यावर तिकीट काढलंय! शेवटी सुनेनं पुठ्ठ्याचे लांब तोंडाचे मुधोळ कापले, रिटर्न गिफ्टला कुंद्याची मिठाई.

एक मात्र सांगते, हौसेनं खरं कुत्रं आणू नका, फुगा फुटला की बिथरतं, आणि पोरं चॉकलेट केक भरवतात, त्यातलं थिओब्रोमिन त्याला विषारी, मनुकाही नकोत. गल्लीतला काळू दारात बसलेला, त्याला चपाती दिली.

— एक आजी, टिळकवाडी, बेळगाव