मायलोमाचे इंजेक्शन तालुक्यात मिळावे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावरील बोर्टेझोमिब हे इंजेक्शन पोटाच्या वा मांडीच्या त्वचेखाली, बहुधा आठवड्यातून एकदा, काही सेकंदांत देता येते. एवढ्यासाठी मुरबाडच्या रुग्णाने एसटीने कल्याण, लोकलने ठाणे आणि तेथून पनवेलची गाडी पकडून खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचे कर्करोग केंद्र गाठायचे, तेही आजाराने मणके ठिसूळ झालेले असताना, हे मला पटत नाही.

डोस वेळेवर का मिळायला हवा, ते या औषधाच्या कामातच दडले आहे. निकामी प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढते आणि पेशीतील प्रोटिआझोम त्यांचे तुकडे करतो. या शोधासाठी सिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण प्रोटिआझोम नुसता केर काढत नाही. पेशीला जगवणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक एरवी आय-कप्पा-बी या प्रथिनाने अडवून धरलेला असतो. बाहेरून संकेत आला की त्या प्रथिनावर खूण चढते, प्रोटिआझोम ते नष्ट करतो आणि मोकळा झालेला घटक केंद्रकात शिरून पेशीला मरू न देणारी जनुके चालू करतो. निरोगी पेशीत हे गरजेपुरते घडते. मायलोमात ते अनेकदा थांबतच नाही. शिवाय मायलोमाच्या पेशी सतत प्रतिपिंडासारखी प्रथिने बनवत असल्यामुळे बिघडलेल्या प्रथिनांचा निचरा तुंबला की त्या मरतात. बोर्टेझोमिब प्रोटिआझोमलाच रोखते, मात्र तो काही दिवसांत पूर्ववत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीत घेतले असून भारतीय कंपन्याही ते बनवतात.

निदान आणि उपचारांची आखणी ॲक्ट्रेकसारख्या संस्थेतच व्हावी. पुढचे डोस मात्र मुरबाड, शहापूरच्या सरकारी रुग्णालयांत द्यावेत. औषधाचे दुष्परिणाम वेळीच कळावेत म्हणून तेथे प्लेटलेट मोजण्याची सोय हवी आणि हातापायांना मुंग्या येतात का, हे दर वेळी विचारणारी प्रशिक्षित परिचारिका हवी. हे औषध चुकून मणक्यात दिले गेल्यास जीव जातो, म्हणून प्रशिक्षणात तडजोड नको. पहिल्या टप्प्यात ठाणे जिल्ह्यापुरता आदेश काढून औषधाचा पुरवठा अखंड ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, ठाणे