दिवेलागणीची वेळ

हेलसिंकी,
४ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

हलव्याचे दागिने पोचले. एकही दाणा निखळला नाही. आई, तू मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं वेगवेगळ्या कापसात ठेवलं होतंस आणि वरून तुझ्या जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली होतीस. मैत्रिणीने बॅगेतून डबा काढून हातात दिला, तेव्हा मी आधी ती पट्टीच नाकाशी नेली. आपल्या कपाटाचा वास अजून होता तिला. पिल्लू विचारत होती, हे खायचं की घालायचं? म्हटलं, आधी घालायचं, मग खायचं. तिला ते फार पटलं.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी.

नोव्हेंबरात बाबा जिन्यावरून पडले आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं, तेही दादाच्या तोंडून निघून गेलं म्हणून. त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले आणि फोन ठेवून दिला. आई, तू एवढंच म्हणालीस, "तुला तिकडे उगाच काळजी नको म्हणून." त्या रात्री मला झोप लागली नाही. हेच वाक्य मी गेली चार वर्षं मनातल्या मनात तुमच्याबद्दल म्हणत आलेय. तेव्हा ओरडायचा हक्क मला नव्हता. आता मी लपवलेलं आधी सांगते.

पिल्लू झाली तो मे २०२१, कोरोनाची दुसरी लाट. आई, बाळंतपणाला यायची तुझी सगळी तयारी झाली होती, डिंक आणि हळीवसुद्धा निवडून ठेवले होतेस, आणि येता आलं नाही. उन्हाळा कसाबसा गेला. इथे जूनमध्ये रात्री दहा वाजता उजेड असतो, त्यामुळे एकटेपणा फारसा जाणवला नाही. मग ऑक्टोबर संपता संपता घड्याळं एक तास मागे गेली आणि कुणीतरी दार लावून घ्यावं तसा अंधार झाला. हेलसिंकीत डिसेंबरच्या सगळ्यात छोट्या दिवशी सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनला मावळतो, सहा तासही पुरे नाहीत. भर बारा वाजता तो क्षितिजाच्या सहा-सात अंशच वर असतो, समोरच्या इमारतीच्या आडच राहतो. आपल्याकडे सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा. हे आकडे मला येण्याआधीही माहीत होते. पण सहा महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन त्या अंधारात सकाळचे नऊ वाजणं म्हणजे काय, हे आकड्यांतून कळत नाही.

तुमचे जावई कामावर जायचे आणि मी न्हाणीघराच्या फरशीवर बसून रडायचे. कशासाठी ते सांगता यायचं नाही. बाळ रडलं की उठायचे, दूध द्यायचे, परत येऊन बसायचे. दुपारी तुमचा फोन यायच्या आधी तोंड धुवायचे, कुंकू लावायचे आणि खिडकीजवळचा मोठा दिवा चेहऱ्यावर येईल अशी बसायचे. आई, तू म्हणायचीस, "गोरी झालीस गं तिकडे." तो दिव्याचा उजेड होता.

मला त्यातून ज्यांनी बाहेर काढलं त्यांच्याबद्दल तुम्हाला कळायला हवं. इथे नेउवोला म्हणून आई आणि बाळाच्या तपासणीची केंद्रं असतात. दिवस गेल्याचं कळल्यापासून मूल शाळेत जाईपर्यंत त्यांच्याकडे जायचं, पैसे पडत नाहीत. तिथल्या नर्सबाई बाळाचं वजन घ्यायच्या, डोक्याचा घेर मोजायच्या. एकदा त्यांनी माझ्यापुढे दहा प्रश्नांचा कागद ठेवला. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, झोप लागते का, उगाच भीती वाटते का, असं. मी पहिल्या प्रश्नालाच रडले. त्या घाईघाईने काही बोलल्या नाहीत. बाळाला आपल्याकडे घेतलं आणि थांबल्या. पुढे काही महिने मी एका डॉक्टरबाईंकडे बोलायला जात होते. औषधही घेतलं. आता बरी आहे, खरंच बरी आहे, म्हणूनच हे लिहिता येतंय. बाळंतिणीला असं होऊ शकतं, तो आजार आहे आणि तो बरा होतो. आई, हे वाचून "मी असते तर" असं मनात आणू नकोस. तू असतीस तर मला बरं वाटलं असतं, पण तू नव्हतीस यात तुझा दोष नव्हता.

नर्सबाईंनी एक नियम घालून दिला होता, रोज बाळाला घेऊन बाहेर पडायचं, हवा कशीही असो. मला ते क्रूर वाटलं होतं. इथे लोक बाळांना दुपारी उघड्यावर बाबागाडीतच झोपवतात, बर्फ पडलेला असला तरी. पहिल्या दिवशी मी दर पाच मिनिटांनी तिच्या मानेखाली हात घालून पाहत होते. ती दोन तास झोपली, गाल लाल, अंग उबदार. तेव्हापासून मी भीत नाही.

आता खरी गंमत सांगते, आई, ही खास तुझ्यासाठी. ह्या थंडीची तालीम माझ्याकडून तू गिरगावच्या पावसाळ्यात करून घेतली होतीस. आठवतं, जुलैत आपल्या दोन खोल्यांत दोऱ्याच दोऱ्या असायच्या? युनिफॉर्म सुकायचा नाही. तू गॅसवर तवा तापवून, उतरवून, त्यावर मोजे धरायचीस आणि स्कर्टावरून इस्त्री फिरवत राहायचीस, वाफ निघायची बंद होईपर्यंत. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे. इथे पिल्लूच्या पाळणाघरात मुलं रोज अंगणात खेळायला जातात, बर्फात लोळतात आणि भिजून आत येतात. आत सुकवायचं कपाट असतं. त्यात गरम हवा फिरते आणि तारेच्या आकड्यांवर चाळीस-चाळीस हातमोजे टांगलेले असतात. मी पहिल्यांदा ते दार उघडलं तर ओल्या लोकरीचा ऊबदार वास अंगावर आला आणि मला एकदम आपली खोली दिसली, दोऱ्या, तवा, तू. बाकीच्या आया बुटांत कागद कोंबायला विसरतात. मी कधीच विसरत नाही.

स्वयंपाकघरातही तसंच. सिंकच्या वर कपाट असतं, त्याला तळ नसतो, तळाच्या जागी जाळी. भांडी धुवायची, आत लावायची, दार लावायचं. पाणी खाली सिंकमध्येच ठिबकतं. पुसायची गरज नाही, परत मांडायची गरज नाही. मायू गेबहार्ड नावाच्या एका बाईंनी १९४० च्या दशकात, घरकामात बायकांचा वेळ किती जातो ते मोजून, हे कपाट घराघरांत नेलं. तुझ्या स्टीलच्या मांडणीखाली तू परात ठेवायचीस ना, तोच विचार. मी रोज रात्री ते दार लावताना तुझी परात आठवते.

सकाळी पिल्लूला तयार करायला पंधरा मिनिटं लागतात. आत लोकरी, मग जाड फ्लीस, मग डोक्यापासून पायापर्यंतचा एकच फुगीर सूट, टोपी, गळ्याभोवतीचा पट्टा, हातमोजे. सगळं चढवून झालं की तिला शू लागते. सुटाला रिफ्लेक्टर लटकवलेला असतो, बदकाच्या आकाराचा. अंधारात पायी चालणाऱ्याने तो लावावा असा इथे कायदाच आहे. बाबा, तुम्ही १९६२ च्या जानेवारीतली थंडी सांगता ना, सांताक्रूझला ७.४ अंश झाले होते आणि चाळीत लोकांनी गोधड्या पांघरून शेकोट्या केल्या होत्या? पिल्लूला ती गोष्ट फार आवडते. तिला सातवर कुडकुडणारे आजोबा डोळ्यासमोर आणता येत नाहीत. इथे सात म्हणजे जाकीट उघडं टाकायचं हवामान.

बाबा, तुमच्यासाठी ट्राम. आमच्या घराजवळून ६ नंबरची जाते. बाबागाडीत लहान मूल असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाला तिकीट लागत नाही. मी ती पहिली हिवाळी दुपार ट्राममध्येच काढायचे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कारण आत उजेड होता आणि माणसं होती. कंडक्टर नसतो. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आत्ता चिमटा वाजेल आणि तुम्ही बेस्टच्या खाकी वेशात पुढे याल. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम बघायला तुम्ही शाळा बुडवून गेला होतात, हे पिल्लूला तोंडपाठ आहे. ती इथल्या ट्रामलाच "आजोबांची ट्राम" म्हणते. तुम्ही इथे आलात की तुम्हाला खिडकीची जागा तिने आत्तापासून राखून ठेवली आहे.

आता बाबांच्या गुडघ्याचं. एक्स-रेमध्ये काय निघालं ते मला शब्दशः हवंय. "थोडी झीज आहे" असं नको. रिपोर्टचा फोटो पाठवा. डॉक्टरांनी काठी सांगितली आहे का, आणि सांगितली असेल तर ती वापरता का? आपला जिना लाकडी, तिसऱ्या मजल्यापर्यंतचा, वळणावरचा दिवा कायम गेलेला. दादाला सांगून मी तिथे दिवा लावायला पैसे पाठवतेय, चाळीतल्या कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. आणि गिरगावात मेट्रो आली म्हणून बाबा रोज फक्त सरकता जिना बघायला खाली उतरतात असं आई म्हणाली. उतरा, पण दिवसातून एकदाच. मी जूनमध्ये येईन तेव्हा विमानतळावरून मेट्रोनेच येईन, स्टेशनाच्या तोंडाशी भेटा.

एक गोष्ट मला परवाच लक्षात आली. आपल्यात साडेतीन तासांचं अंतर. ह्या दिवसांत मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तेव्हा आमच्याकडे पावणेतीन वाजत आलेले असतात, आणि त्यानंतर पाऊण तासात इथलाही मावळतो. उन्हाळ्यात तुमची रात्र होते तेव्हा आमचं ऊन डोक्यावर असतं. फक्त ह्या काळोख्या दीड-दोन महिन्यांत तुमची आणि आमची दिवेलागण जवळजवळ एका वेळी होते. चार वर्षं मी ह्याच वेळेला घाबरत होते.

म्हणून संक्रांतीला, बुधवारी, मी सुट्टी घेतली आहे. आमचे तीन, तुमचे साडेसहा. पिल्लू साडेचार वर्षांची आहे, बोरन्हाणाचं हे शेवटचंच वर्ष. काळं झबलं मिळालं. बोरं आणि उसाचे करवे इथे नाहीत. हाकानिएमीच्या दुकानातून कुरमुरे आणि खारका आणल्यात, बाकी संत्र्याच्या फोडी. आई, तू देवापाशी दिवा लाव, मी इथे लावते, आणि शुभंकरोती तू म्हण. तिला अर्धी येते, पुढची तुझ्या तोंडून ऐकायची आहे. त्या दिवशी मी खिडकीजवळचा दिवा लावणार नाही. जशी दिसते तशी बघा.

तुमची,
लेक

ता. क. आई, सोबतच्या कागदावर पिल्लूचा हात ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आहे. मनगटाचा घेर खाली लिहिलाय. हातमोजा विणायचा तो अंगठा वेगळा आणि चारही बोटं एकत्र, म्हणजे ऊब राहते. लोकर खरी घे, अॅक्रिलिक नको, ते भिजलं की गार पडतं. दोन जोड हवेत, एक कपाटात वाळत असतो तेव्हा दुसरा हातात लागतो. रंग तिने सांगितलाय, ट्रामचा हिरवा.