मनूला, इंग्लंडमधल्या हार्डविक हॉल या जुन्या वाड्याच्या छपरावरच्या फोटोनंतर

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर ओरडलो. तू फोन ठेवलास, आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज परांचीचा विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलोय.

तुझा छपरावरचा फोटो मोठा करकरून पाहिला. मनोऱ्यांच्या डोक्यावर दगडात कोरलेली ई आणि एस ही अक्षरं. एलिझाबेथ श्रूजबरी, वाड्याची मालकीण. साठी ओलांडलेली बाई. नवरा गेला त्या १५९० सालीच नवं काम काढते आणि १५९७ ला राहायला येते! मला सगळ्यात आवडल्या त्या खिडक्या. मजल्यागणिक उंच होत गेलेल्या, कारण मानाची दालनं सगळ्यात वर. दर्शनी भिंतीत एवढी काच घालायची तर भार उतरवायचा कुठे, हा माझा पहिला प्रश्न. धुराडी आतल्या भिंतींत घेतली म्हणून बाहेरची बाजू मोकळी झाली, हे तू समजावलंस. काही खिडक्यांच्या मागे नुसती भिंतच आहे, दोन्ही अंगं सारखी दिसावीत म्हणून, हेही. हे तू मला शिकवतेस, याचं किती बरं वाटतं ते फोनवर सांगता येत नाही.

वाड्याचा आराखडा ज्याचा मानतात तो रॉबर्ट स्मिथसन मुळातला गवंडी. लाँगलीटच्या वाड्याला दगडकाम केलेला. वोलाटनच्या चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर ‘आर्किटेक्टर’ असं कोरलंय, ते तू वाचून दाखवलंस तेव्हा मला अप्पा आठवले. त्यांनी घडवलेल्या जोत्यांवर अजून घरं उभी आहेत, नाव कुठेच नाही. ते पडले तेव्हा मी नववीत होतो. बांबू चांगला होता, दोरी सैल होती. बस, एवढंच.

बघ, निघालाच विषय.

त्या बाईबद्दल तिकडे सांगतात ना, बांधकाम चालू आहे तोवर तुला मरण नाही असं भाकीत होतं. १६०८ च्या थंडीत चुना गोठला, काम थांबलं आणि ती गेली. दंतकथा असेल. पण गोठणं खरं आहे. छपरावरच्या शिशाच्या पत्र्यावर दव गोठलं की पाय ठरत नाही. पूर्वी पाहुणे जेवण झाल्यावर त्याच पत्र्यांवरून मनोऱ्यातल्या खोलीत गोड खायला जात, म्हणजे ती चालायचीच जागा आहे, हे तुझं बरोबर. तरी सकाळी लवकर चढू नकोस. पट्टा स्वतः ओढून बघ, दुसऱ्याने बांधला म्हणून विश्वास ठेवू नकोस. एका हाताने फोटो काढू नकोस. बूट ओले असतील तर

पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर. तू शिकून गेली आहेस, मी कामावर बघून बघून शिकलो. तुझ्या धाकट्या काकाला मी कधी वर चढू दिलं नाही, आणि तो अजून ते बोलून दाखवतो. तुला अडवायचं नाहीये मला.

वरच्या दालनातल्या गिलाव्याचा, त्या रंगवलेल्या अरण्याचा, जवळून एक फोटो पाठव. चुन्यात एवढं उठावदार काम कसं उभं राहिलं ते बघायचंय.

छपरावरून उतरलीस की मिस्ड कॉल दे. कितीही वाजू देत. मी जागाच असतो.

तुझा,
बाबा