लेक ऑफ द वूड्सवर गरवायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गो" म्हणता आणि उठून ट्रेलरचे पट्टे तपासायला लागता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये दर वर्षी नवी मराठी कुटुंबं येतात आणि मे महिना लागला की त्यातलं कुणीतरी विचारतंच, मासे धरायला कुठे जायचं, लायसन्स कुठलं काढायचं, बोट कुणाची मिळेल. त्यांनाही कळू दे की या शहरात वेंगुर्ल्याचे एक काका आहेत, जे ओळखपाळख नसलेल्या माणसाला आपल्या सोळा फुटी बोटीत जागा देतात आणि पेट्रोलचे पैसे पुढे केले तर रागावतात.

मी सांगलीची. माझ्या डोळ्यांना सवय कृष्णेच्या घाटाची, पलीकडचा काठ दिसणाऱ्या पाण्याची. ओंटारिओतल्या केनोरा गावाच्या धक्क्यावर उभं राहून लेक ऑफ द वूड्स पहिल्यांदा पाहिला तेव्हा इथे मासा शोधायचा कुठे, हेच कळेना. सुमारे ४,३५० चौरस किलोमीटर पाणी, १४,००० हून जास्त बेटं. ओंटारिओ, मॅनिटोबा आणि अमेरिकेचं मिनेसोटा, तिघांच्या हद्दी त्याच पाण्यात. दक्षिणेकडून रेनी नदी येऊन मिळते आणि उत्तरेला केनोरापाशी विनिपेग नदी होऊन पाणी बाहेर पडतं. तुम्ही त्या दिवशी रॉड हातात दिलाच नाहीत. गाडीच्या बॉनेटवर खोलीचा नकाशा पसरलात आणि पेन्सिलीने एकेक भाग खोडत गेलात. इथे आत्ता नाही, इथेही नाही, हे ऑगस्टमध्ये. शेवटी उरले ते ओढ्यांची दोन-चार मुखं, एक वाळूचा उपसागर आणि दोन बेटांमधली अरुंद वाट. एवढ्या मोठ्या तळ्यातलं आपल्या कामाचं पाणी इतकं थोडं असतं, हे समजल्यावर माझी भीती गेली.

का खोडलंत, तेही सांगितलंत, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. नुसती जागा दाखवणारे पुष्कळ भेटतात. वॉलआय, ज्याला इथले लोक पिकरेल म्हणतात, तो बर्फ फुटल्या फुटल्या अंडी घालतो. पाणी पाच ते दहा अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं तेव्हा, रात्रीच्या वेळी, खडी-गोट्यांच्या उथळ पाण्यात किंवा वाहत्या ओढ्याच्या तोंडाशी. ओंटारिओच्या या भागात त्याचा हंगाम मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. तोवर बहुतेक माद्या अंडी घालून थकलेल्या असतात, जवळच्या जरा खोल पाण्यात जाऊन पडतात. नर मात्र त्या खडीच्या आसपास रेंगाळतात. म्हणून पहिल्या आठवड्यात मुखापासून फार लांब जायचं नाही. आणि दुपारी उत्तरेकडच्या काठाचे उपसागर बघायचे, कारण दक्षिणेकडे कललेलं ऊन त्यांच्यावर थेट पडतं. तळ काळा असेल तर ते पाणी आणखी लवकर तापतं. तुम्ही दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडायचात आणि आकडा मला वाचायला लावायचात. दोन अंशांचा फरक दिसला की इंजिन बंद.

त्या माशाच्या डोळ्याबद्दल तुम्ही सांगितलेलं मी आता प्रत्येकाला सांगते. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला इतर माशांपेक्षा चांगलं दिसतं. पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दिवस त्याचे. आणि वारा. वाऱ्याने पाणी खडबडलं की खाली उजेड कमी पोचतो, छोटी मासळी बावचळते आणि वॉलआय उथळ पाण्यात यायला धजावतो. माझं मन शांत, आरशासारख्या पाण्याकडे ओढ घ्यायचं. तुम्ही बोट मुद्दाम त्या काठाला न्यायचात जिथे लाटा खडपांवर फुटत असायच्या.

जिग म्हणजे शिशाचं डोकं बसवलेली गरी. आठवा भाग औंसाची, फार तर पाव औंसाची, तिला जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचा चिमुकला मासा, तोंडातून टोचलेला. हे सगळं पुस्तकात मिळेल. पुस्तकात न मिळणारी गोष्ट तुम्ही माझं बोट धरून शिकवलीत, अगदी शब्दशः. माझी उजवी तर्जनी उचलून रीळच्या पुढे दोरीखाली ठेवलीत आणि म्हणालात, आता डोळे मीट. जिग तळाला टेकला की दोरी सैल पडते. वीतभर उचल, पुन्हा सोड. उचल, सोड. थंड पाण्यात वॉलआय झटका देत नाही. उचलताना दोरीवर ओलं पान अडकल्यासारखं किंचित वजन येतं, तेवढंच. तेव्हा घाई न करता रॉडचं टोक खाली नेऊन मग उचलायचं. तुम्ही माझ्या आधी ते वजन माझ्याच दोरीवर ओळखलंत, नुसतं रॉडच्या टोकाकडे बघून. पहिला मासा वर आला तेव्हा त्याचं सोनेरी-हिरवं अंग, दुधी डोळा आणि शेपटीच्या खालच्या टोकाचा पांढरा ठिपका तुम्ही मला नीट पाहू दिलात, आणि पाठीवरच्या काट्यांवरून हात कसा मागे दाबत न्यायचा ते दाखवलंत.

नियमांच्या बाबतीत तुम्ही कडक आहात आणि असायलाच हवं. विनिपेगहून मिनो घेऊन निघालेल्या एका मंडळींना तुम्ही वाटेतच थांबवलं होतंत, कारण बाहेरून जिवंत आमिष ओंटारिओत आणायला बंदी आहे. केनोरात घ्या म्हणालात. बोट पाण्यातून काढली की तळाचं बूच उघडायचं, ट्रेलरला चिकटलेलं गवत हातानं काढायचं. २०२२ पासून ओंटारिओत हा कायदाच आहे, पण तुम्ही कितीतरी आधीपासून तसंच करत आला आहात. लेक विनिपेगमध्ये २०१३ साली झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे लहान शिंपले, सापडले. ते ओल्या बोटीतून एका तळ्यातून दुसऱ्यात कसे जातात, हे तुम्ही इतक्या कळकळीने सांगता की ऐकणारा स्वतःहून आपली बोट पुसायला घेतो.

आणि लाइफ जॅकेट. मे महिन्यात वर ऊन असतं, लोक टी-शर्टवर बोटीत बसतात, पाणी मात्र आठ-नऊ अंशांवर असतं. आपल्याच शहरातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी मांडलेलं एक-दहा-एकचं सूत्र तुम्ही मला धक्क्यावरच पाठ करून घेतलंत. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. हे कळल्यावर जॅकेटची चेन लाव, असं कुणी सांगावं लागत नाही. एकदा मासा चांगला लागत होता आणि वायव्येकडून वारा फिरला. मला तर काही वेगळं वाटलंही नव्हतं. तुम्ही क्षणभर आकाशाकडे बघितलंत, दोऱ्या गुंडाळायला सांगितलंत आणि बेटांच्या आडोशाने परत निघालात. तासाभरात मोकळ्या पाण्यावर पांढऱ्या लाटा उठल्या होत्या. त्या दिवशी घरी माझी मुलगी वाट बघत होती, काका. तुमचे आभार मानायला ही एक गोष्टही मला पुरेशी आहे.

जेवणापुरते मध्यम मासे ठेवायचे आणि मोठी मादी सोडायची, हा तुमचा शिरस्ता. मोठी मादी एका हंगामात लाखांवर अंडी घालते, तिला तव्यावर घालायची गरज काय, असं तुम्ही विचारता. काठावरच्या सपाट कातळावर काकूंनी रवा आणि मालवणी मसाला लावून तळलेले तुकडे, बरोबर भात आणि आगळाची सोलकढी. शेजारच्या बेटावरचे लोक बटाटे आणि मासे चरबीत तळत होते, तेही ताट घेऊन आले आणि त्यांची ताटं आपल्याकडे आली. सांगलीत मी मासा क्वचित खायचे. इथे येऊन खायला लागले ते काकूंमुळे.

आता मस्की या मोठ्या शिकारी माशाबद्दल. त्याच्यासाठी जूनचा तिसरा शनिवार उजाडावा लागतो. तो वॉलआयच्या नंतर, पाणी आणखी तापल्यावर उथळ, गवताळ उपसागरांत अंडी घालतो, म्हणून त्याचा हंगाम उशिरा उघडतो. सुरुवातीच्या दिवसांत तो त्या उपसागरांपासून फार दूर गेलेला नसतो. तुम्ही त्यांच्या तोंडाशी नुकतं उगवलेलं, पाण्याच्या वर न आलेलं गवत शोधता. हातभर लांबीचे ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, पेटीतच राहतात, त्यांचे दिवस पुढे येतात. जूनमध्ये लहान बकटेल, हरणाच्या शेपटीच्या केसांचा, पुढे फिरतं पातं असलेला. त्याच्यापुढे तारेचा तुकडा, कारण मस्कीचे दात साधी दोरी सहज कापतात.

केनोराच्या किनाऱ्यावर १९६७ साली उभारलेला हस्की द मस्की हा माशाचा चाळीस फुटी पुतळा आहे, त्याच्यासमोर तुम्ही माझ्या मुलीचा फोटो काढलात. तिला वाटलं मासे एवढेच असतात. खरा मस्की बोटीमागे येताना पाहिला तेव्हा मला तिचं म्हणणं पटलं. ल्युअर बोटीपाशी आला की पाण्याबाहेर काढायचा नाही, ही तुमची पहिली शिस्त. रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं आणि इंग्रजी आठाचा आकडा काढत राहायचं, वळणं मोठी आणि गोल, वेग न तोडता. प्रत्येक फेकीनंतर, हात भरून आले तरी. मस्की पुष्कळदा नुसता मागे मागे येतो आणि शेवटच्या हातभर अंतरात ठरवतो. त्या दिवशी तपकिरी पाण्यातून एक लांब सावली बकटेलच्या मागे आली, दुसऱ्या वळणावर थांबली, कल्ले हलताना दिसले, आणि ती संथपणे खाली गेली. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, ही जागा लक्षात ठेव, उजेड उतरला की परत येऊ. संध्याकाळी आलो आणि त्याच गवताच्या कडेला, आठाच्या बाहेरच्या वळणावर, रॉड हातातून ओढला गेला.

पुढची काही मिनिटं तुम्ही जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. रबराचा लेप दिलेलं मोठं जाळं पाण्यातच ठेवलंत, मासा वर उचललाच नाहीत. एक गरी जबड्यात खोल गेली होती, तर ती ओढत न बसता कटरने कापून टाकलीत. तीस डॉलरचा ल्युअर निकामी झाला, तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. तळ्यातला मस्की ठेवायचा तर तो ५४ इंच हवा, हा नियम, आणि तेवढा व्हायला त्याला कित्येक वर्षं लागतात. आपला बराच लहान होता. मोठा असता तरी तुम्ही सोडलाच असतात. मला शेपटीच्या बुडाशी एक हात आणि पोटाखाली एक हात धरायला सांगितलंत. थंड, जड आणि जिवंत असं ते अंग हातात होतं, कल्ले उघडझाप करत होते. "तो सांगेल तेव्हा सोड," म्हणालात. त्याने शेपटीने माझा हात झटकला आणि गेला.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. विनिपेगहून केनोराला जाताना ट्रान्स-कॅनडा हायवेवर फ्रीडम रोडचा फाटा येतो. तिथे तुम्ही दर वेळी गाडी हळू करता आणि सोबतच्या नव्या माणसाला सांगता, की आपल्या नळाचं पाणी १९१९ पासून शोल लेकमधून येतं, आणि त्याच शोल लेकच्या काठी राहणाऱ्या शोल लेक ४० या फर्स्ट नेशनच्या, म्हणजे मूळनिवासी समाजाच्या, लोकांना मात्र १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळूनच प्यावं लागलं. त्यांचा हा रस्तासुद्धा २०१९ मध्ये झाला. ज्या पाण्यावर आपण गरवतो ते अनिशिनाबे लोकांचं, त्यांचा आणि कॅनडा सरकारचा तिसरा करार (ट्रीटी ३) १८७३ मध्ये याच तळ्याच्या नॉर्थवेस्ट अँगलला झाला, हेही तुमच्याकडूनच कळलं. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी बरंच वाचलं होतं. पण प्यायच्या ग्लासाशी त्याचा संबंध तुम्ही जोडून दिलात.

यंदा तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा ट्रेलर उतरवायला तुम्ही खाली उतरायचं नाही. तो भार आमचा. इंजिनाचं ऑइल बदललंय, बूच तपासलंय, दोन जॅकेटांच्या चेन नव्या बसवल्यात. तुम्ही फक्त पुढच्या खुर्चीत बसून थर्मामीटर धरा आणि कुठे थांबायचं ते सांगा. नागपूरहून नुकतीच आलेली एक मुलगी बरोबर येते म्हणतेय, तिला पोहता येत नाही, तेव्हा एक-दहा-एक तिला तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून ते जास्त पटतं. मेच्या तिसऱ्या शनिवारी पहाटे तीनला आम्ही तुमच्या दारात असू. काकूंना म्हणावं डबा करू नका, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी आणते, आगळाची बाटली तेवढी त्यांनी द्यावी.

तुमची पुतणी,
विनिपेग