केळीच्या बागेतून

दोडामार्ग, रविवार

प्रिय मंजू,

परवा फोनवर धड काही बोलणं झालं नाही. इथली रेंज मनात आलं तरच येते, म्हणून पत्र.

आधी काकूंना सांग, उगाच काळजी करू नका. रेबीजची लस घेतल्याशिवाय आमच्यापैकी कुणी वाघळाला हात लावत नाही. २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपाह विषाणूची साथ आली, २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वाघळांत निपाहच्या अँटिबॉडी आणि विषाणूच्या आरएनएच्या खुणा सापडल्या, त्यामुळे लोक धसका घेतात. पण अशा खुणा सापडल्या म्हणजे जिवंत विषाणूच हाती लागला असं नव्हे.

तिन्हीसांजेला केळीच्या बागेत बारीक जाळं लावतो. अडकतं ते बहुतेक सिनॉप्टेरस, लहान फळखाऊ वाघूळ. टॉर्चच्या उजेडात बघ कधी: कानांना पांढरी किनार, काळ्या पंखात बोटांची फिकट हाडं, तोंडाला पिकल्या केळ्याचा वास. चावतं मात्र कडकडून! सुती पिशवीत ठेवलं की थोड्या वेळात लेंड्या टाकतं, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. हाताचं हाड मोजायचं, स्वॅब घ्यायचा आणि सोडून द्यायचं. बागेचे मालक रोज तेच विचारतात, "तुमका तेंची लेंडी कित्याक व्हयी?"

आता त्यांना काय सांगू? वाघळाच्या पोटात फळ बहुधा अर्धा तासही टिकत नाही. एरवी सस्तन प्राण्यांत जवळच्या नात्यातल्यांच्या आतड्यात साधारण सारखेच जिवाणू नांदतात. वाघळांत हे नातं ढिलं पडतं आणि ती पक्ष्यांच्या पंगतीत जाऊन बसतात, असं २०२० मध्ये शेकडो जातींचे प्राणी तपासून दिसलं. उडायचं तर पोट हलकं हवं, म्हणून असं होत असावं. मला ते पटतं. पण मग हे जिवाणू त्यांचे म्हणायचे की कालच्या केळ्याबरोबर आलेले? माझा सगळा जीव या प्रश्नात अडकलाय.

म्हणूनच रोज एक कोरा स्वॅब नुसता हवेत फिरवून बंद करते. जिवाणू ओळखायचे डीएनएवरून, आणि नमुन्यात तो एवढासा; त्यात आपल्या हातचे, रसायनांतले जिवाणू मिसळले की तेच वाघळाचे म्हणून मिरवतात. कोऱ्या स्वॅबमध्ये जे निघेल ते वाघळाचं नव्हे, एवढं तरी कळतं. सोबतच्या पोरांना वाटतं बाई हवेचा नमुना घेतेय.

बरं, एक काम कर. काकूंची जुनी सुती लुगडी बोहारणीला देऊ नकोस. दर वाघळाला वेगळी पिशवी लागते, उकळून उकळून विरल्या आहेत. पार्सल बांद्याच्या पत्त्यावर पाठव, इथे पोस्टमन आठवड्यानेच उगवतो.

तुझीच,
शुभा