मुलाखतीत हेही विचारा

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतला नॉन-बायनरी (स्वतःला निव्वळ स्त्री किंवा निव्वळ पुरुष न मानणाऱ्या) व्यक्तींवरचा लेख आपुलकीने लिहिला आहे. पण ‘मी पुरुष नाही आणि स्त्रीही नाही’ असे त्या व्यक्तीचे म्हणणे छापून पुढच्याच ओळीत ‘असे ती म्हणाली’! बरीच वर्षे मुद्रितशोधन केल्याने नजर अशा जागी अडतेच.

दोष सगळा लेखकाचा नाही. मराठीत क्रियापदच लिंग विचारते. ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवल्याशिवाय कुठे गेलो ते सांगता येत नाही. माझे एक भाचरू नॉन-बायनरी आहे (भाचरू नपुंसकलिंगी, तेवढे बरे). त्याच्याशी बोलता बोलता भाषेतल्या पळवाटा कळत गेल्या. ‘मी येईन’, ‘मी वाचत आहे’, ‘मला भूक लागली’, ‘मी पत्र लिहिले’ यांत बोलणाऱ्याचे लिंग दिसतच नाही. ‘आम्ही आलो’ हे सगळ्यांनाच चालते, पण एकट्याने म्हटले की संस्थानिक आल्यासारखे वाटते. आदरार्थी ‘ते आले’ काहींना सोयीचे पडते. भाचराला मात्र त्यात पुरुषच ऐकू येतो. मग नपुंसकलिंग वापरा, असे सुचवणारे भेटतात. लहान मुलाला ते लाडाचे, मोठ्या माणसाला ‘ते आलं बघ’ म्हटले की हेटाळणी होते. शेवटी आमच्याकडे तोडगा निघाला तो असा: शक्यतो नाव घ्यायचे, आणि भाचरू स्वतः कधी ‘आलो’ म्हणते, कधी ‘आले’.

स्वीडिशमध्ये ‘तो’ किंवा ‘ती’ऐवजी वापरता येणारे ‘हेन’ हे नवे सर्वनाम रुळले. २०१५ साली ते स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशातही आले. पण तिथे क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, म्हणून एका शब्दावर भागले. आपले तसे भागणार नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीत इंटरसेक्स आणि नॉन-बायनरी एकच धरले आहे. इंटरसेक्स हा शब्द स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात न बसणाऱ्या जन्मजात शरीररचनेविषयी आहे, नॉन-बायनरी ही स्वतःच्या लिंगभावाची जाणीव. कोणाविषयी ओढ वाटते, हा तिसराच मुद्दा. कपड्यांवरून किंवा केसांवरून यातले काहीच ओळखता येत नाही.

बातमीदार नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे विचारून घेतात. त्याच वेळी ‘तुमच्याविषयी कसे लिहू?’ हेही विचारावे, आणि मिळालेले उत्तर संपादनात बदलू नये, एवढी विनंती.

कळावे,
एक निवृत्त मुद्रितशोधक